वेखंडे सरांची मेफिटिक हवा

"बाई, मेफिटिकला मराठीत काय म्हणायचं?"

हा प्रश्न मी किती वेळा ऐकला असेल त्याला गणती नाही. हजेरी घेऊन वर्गाबाहेर पडले की हा प्रश्न, डबा उघडला की हा प्रश्न, एसटीची वाट बघत उभी राहिले की हाच प्रश्न. एकदा तर माझ्या नणंदेच्या लग्नात, आटगावला, मी जिलबीची परात घेऊन पंगतीत वाढत होते. वेखंडे सरांनी पानावर आडवा हात धरला आणि म्हणाले, "एकच वाढा. आणि बाई, मेफिटिकचं काही सुचलं का?" शेजारी बसलेल्या व्याह्यांना वाटलं, सरांना काहीतरी आजार आहे. मीही तसंच सांगून मोकळी झाले.

नव्वदीच्या सुरुवातीला मी डोळखांबकडच्या एका शाळेत मराठी शिकवायला लागले. शहापूरहून पहिल्या एसटीनं जायचं आणि दुपारच्या एसटीनं परत यायचं. वेखंडे सर तिथं माझ्या आधीपासून विज्ञान शिकवत. गाव त्यांचं मुरबाडकडचं. शाळेजवळ खोली घेऊन एकटे राहायचे, शनिवारी घरी जायचे. उंच, हडकुळे, भर वैशाखात शर्टाचं गळ्याशी असलेलं बटण लावलेलं, खिशात खडूचे तुकडे. आणि सायकलच्या हँडलला दिवसाढवळ्या लटकवलेला कंदील. गावात वीज येऊन कितीतरी वर्षं झाली होती. पोरं त्यांना कंदील सर म्हणायची, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

तो शब्द त्यांना शाळेच्या कपाटात सापडला. कोणीतरी कधीकाळी देणगी दिलेलं रसायनशास्त्राचं जुनं इंग्रजी पुस्तक होतं. वाळवीनं पुढची पानं आणि पुठ्ठा खाल्लेला, त्यामुळे लिहिणारा कोण ते कळायला मार्ग नाही. त्यात मेफिटिक एअर, म्हणजे मेफिटिक हवा. त्या शब्दाचा इतिहास सर मला आठवड्यातून तीनदा सांगत. मी मराठीची, मला रसायनशास्त्राचं सोयरसुतक नाही, पण आज तो मला झोपेतसुद्धा सांगता येईल.

सव्वादोनशे वर्षांपूर्वी विलायतेत हवा म्हणजे नुसती हवा होती. तिच्यात काय काय असतं ते कोणाला माहीत नव्हतं. मात्र काही ठिकाणची हवा वाईट, एवढं कळत होतं. गुहेत, खाणीत, जुन्या विहिरीत, दारू आंबवायच्या हौदावर. तिथं दिवा नेला की विझायचा आणि उंदीर सोडला की मरायचा. असल्या सगळ्या हवेला त्यांनी एकच विशेषण लावलं, मेफिटिक. मग स्कॉटलंडातल्या एका विद्यार्थ्यानं उंदीर भांड्यात कोंडला, तो मेल्यावर उरलेल्या हवेत मेणबत्ती जाळली, मग आणखी काय काय करून त्या हवेतली एक वाईट हवा काढून टाकली. तरी मागे वाईट हवा उरलीच! त्यानं तिलाही मेफिटिकच म्हटलं. तिला पुढे नायट्रोजन म्हणायला लागले. आधीची निघाली कार्बन डायऑक्साईड. एकेका हवेला तिचं तिचं नाव मिळत गेलं आणि या विशेषणाला कामच उरलं नाही.

"रिटायर झालं बिचारं," सर म्हणायचे. "आता कादंबऱ्यांत गटाराच्या वासाला लावतात. आणि अमेरिकेत एक घाण वास सोडणारं जनावर आहे, त्याच्या शास्त्रीय नावात घातलंय. काय ही अवस्था!"

या रिटायर झालेल्या शब्दाला मराठीत पुन्हा नोकरीला लावायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं होतं.

"कोंदट," मी पहिल्याच दिवशी म्हटलं.

"कोंदट हवेत माणूस मरत नाही, बाई. कोंदट हवेत आपली शाळा भरते."

"कुबट."

"कुबट म्हणजे वास. या हवेला वास असेलच असं नाही."

"विषारी म्हणा."

"विषारी सापपण असतो."

"प्राणघातक!"

"ट्रकपण असतो."

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा मी डब्याचं झाकण आपटून म्हटलं, "सर, इंग्रजांनी टाकलेला शब्द आहे. मेला ना? मरू द्या की!"

ते शांतपणे म्हणाले, "शब्द मेला, बाई. हवा आहे तिथंच आहे." आणि माझ्या डब्यातली लोणच्याची फोड उचलून निघून गेले.

त्यांचा हा छळ नुसता बोलण्याचा असता तर मी सोसला असता. पण सर कुठल्याही बंद जागेत आधी कंदील सोडल्याशिवाय माणसाला पाऊल टाकू देत नसत. शाळेच्या आवारात पाण्याची जमिनीखालची टाकी होती. एका वर्षी शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला यायचे होते, म्हणून आमचा शिपाई सावळाराम टाकी धुवायला निघाला. सर वर्ग सोडून धावत आले. टाकीत दोरीनं कंदील सोडला. कंदील विझला! झालं. सर झाकणावरच बसले. मुख्याध्यापकांनी समजावलं, रागावले, शेवटी हात जोडले. साहेब आले, बसले, चहा मागितला. चहाला पाणी नाही, कारण टाकीवर विज्ञान शिक्षक बसलेले. तासाभरानं सावळारामानं कंदील हलवून पाहिला, तर आत रॉकेलचा थेंब नव्हता.

मुख्याध्यापक त्यांना सगळ्यांसमोर काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. सर मान खाली घालून ऐकत होते. नंतर मला म्हणाले, "विझायला नको तेव्हा विझला. चालेल. अशा चुकीनं माणूस मरत नाही."

"चहावाचून मरतो," मी म्हटलं.

खरी कटकट वैशाखात असे. आमच्या बाजूला धरणं मोठमोठी, पण पाड्यावरच्या विहिरी वैशाखात तळाला जातात. तेव्हाच गाळ काढून घ्यायचा. विहिरीच्या काठी साती आसरांना, म्हणजे पाण्यातल्या सात बायांना, हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा, हिरवं खणाचं कापड ठेवायचं आणि मग गड्यांनी खाली उतरायचं, अशी रीत. सर सुट्टीतही घरी न जाता कंदील घेऊन पाड्यापाड्यानं सायकल हाकत फिरायचे. शाळेच्या मागे पाच मिनिटांवर जो पाडा होता, तिथं किसन आणि बारकू हे दोघे भाऊ गाळ काढण्यात पटाईत. किसनची पोरगी माझ्या वर्गात होती.

किसन सरांना म्हणायचा, "सर, आमी काय आजच उतरतो का? आमचा बाप उतरला, आजा उतरला. आसरा राखते आमाला."

"आसरा राखत नाही. खाली वाईट हवा साठते."

"तीच ती. आसरा कोपली का तसाच होतंय."

असा वाद वर्षानुवर्षं चालला होता. आणि मग सरांनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. शहापूरच्या एका वाचनालयात त्यांना जाडजूड डिक्शनरी मिळाली. सोमवारी ते माझ्यासमोर येऊन बसले, तोंड कडू औषध घेतल्यासारखं.

"बाई, घोटाळा झाला. मेफिटिक हा शब्द एका देवीच्या नावावरून आलाय."

"कुठल्या?"

"मेफिटिस. इटलीत डोंगरात जमिनीतून वाईट हवा यायची, गुरं पडायची. तिथल्या लोकांनी तिची देवी केली. देवळंसुद्धा बांधली." त्यांनी चष्मा काढून टेबलावर टाकला. "म्हणजे त्यांचीपण आसराच!"

मी पोट धरून हसले. एवढ्यावर थांबतील तर ते वेखंडे सर कसले? खरं ते सांगितलंच पाहिजे म्हणून त्यांनी ही गोष्ट जाऊन किसनलाही सांगितली. किसननं मान डोलावली. "बघा! म्हंजे गोऱ्यांना पण ठावं हाय. मंग तुमीच एकटे कशाला नाय म्हणता?"

हे मला सांगताना ते चिडले होते आणि मी पुन्हा हसायला लागले. तेव्हा ते एकदम म्हणाले, "माझे वडील विहिरीत गेले, बाई."

मी हातातला डबा बाजूला ठेवला.

"आमच्या मुरबाडकडे. मी चौथीत होतो. आधी शेजारचा उतरला, तो पडला. त्याला काढायला काका उतरले. काकांना काढायला वडील. एकामागे एक तिघं. कोणी धरलं नाही कोणाला. लोक म्हणाले, आसरेला तिघं हवे होते." त्यांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. "दिवा सोडला असता तर एकही गेला नसता."

मला स्वतःचीच लाज वाटली. त्या लाजेपोटीच मी बोलून गेले. "सर, मग दिव्याला हवा बघायचा दिवा कशाला म्हणता? आसरांचा दिवा म्हणा. नारळ फोडल्यावर दिवा खाली सोडायचा. जळत राहिला तर आसरेनं परवानगी दिली, विझला तर नाही दिली. कोण नाही म्हणेल?"

सरांना हे अजिबात आवडलं नाही. आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत, मेफिटिकबद्दलसुद्धा नाही. मग मुकाट्यानं तेच केलं.

आणि काय सांगू, ते चाललं! पुढच्या वैशाखात पाड्यापाड्यावर नारळ फुटला की दिवा खाली जायला लागला. बायका त्याला हळदकुंकू लावायच्या. एका विहिरीत तो दोनदा विझला तर गडी सरळ घरी निघून गेले, दोन दिवसांनी पुन्हा आले. तीनचार वर्षं सरांना कुठं भांडावं लागलं नाही. मी टेचात विचारलं, "काय सर, आहे की नाही मराठीच्या बाईंना अक्कल?"

"तुम्ही मला भगत केलंत," ते म्हणाले. पण कंदील पुसता पुसता हसले.

त्यानंतर आमच्याकडे भाड्यानं डिझेल इंजिनं मिळायला लागली. पूर्वी तळातलं पाणी बादल्यांनी उपसायला दिवस जायचा. इंजिन तासाभरात उपसायचं. मात्र विहीर खोल असली तर वरून पाणी ओढलं जात नाही, म्हणून इंजिन दोरांनी आत सोडून मधल्या टप्प्यावर ठेवायचे.

त्या शनिवारी सकाळची शाळा होती. सर सहावीच्या वर्गात आणि मी शेजारच्या वर्गात. मागच्या पाड्यावरून आधी इंजिनाची धडधड येत होती, मग बायकांचा ओरडा आला. सर खडू हातात घेऊनच पळाले. मी त्यांच्या मागे.

पहाटे नारळ फुटला होता. दिवा खाली गेला होता, नीट जळला होता. आसरेनं हो म्हटलं होतं. आता ती हो म्हणाली म्हणजे अख्ख्या दिवसासाठीच म्हणाली, असं त्यांनी धरलं. मग इंजिन आत उतरवून सुरू केलं, दोनेक तास पाणी उपसलं आणि इंजिन चालू असतानाच किसन फावडं घेऊन गाळात उतरला. थोड्या वेळानं तो गाळातच बसला आणि मग आडवा झाला. मी काठावरून वाकून पाहिलं. किसनच्या डोक्याशी, कपारीत ठेवलेला आसरेचा दिवा मस्तपैकी जळत होता.

बारकू पायरीवर पोचला होता. सरांनी मागून त्याच्या कमरेला मिठी मारली आणि दोघे काठावर कोसळले. बारकू जवान गडी, सर काडीसारखे. त्यानं त्यांना लाथा मारल्या, चावला, आईवरून शिव्या दिल्या. सरांचा चष्मा गेला, ओठ फुटला, पण हात सुटले नाहीत. "धरा याला!" ते ओरडत होते. "कोणी उतरू नका! डिझेलचा पाइप काढा, इंजिन बंद करा! पाला आणा!"

लोक आधी नुसते बघत राहिले. मग सावळाराम आणि आणखी दोघे बारकूवर बसले. काठावरच्या डब्यातून इंजिनाकडे गेलेला डिझेलचा पाइप कोणीतरी वरूनच ओढून काढला, इंजिन बंद पडलं. झाडाच्या फांद्या दोराला बांधून विहिरीत वरखाली हलवायला लागले, हवा हलावी म्हणून. बादल्यांनी पाणी ओतलं. त्यात बराच वेळ गेला. तेवढा सगळा वेळ बारकू मातीत तोंड घालून भावाला हाका मारत होता आणि किसनची पोरगी माझ्या पदराला धरून उभी होती. शेवटी सर स्वतः कमरेला दोर बांधून उतरले. वरचा माणूस दर मिनिटाला हाक मारी आणि खालून सर ओ देत. किसनला वर आणलं. तो गेलेला होता.

बारकूला सोडलं तेव्हा तो सरांसमोर उभा राहिला. ओरडला नाही. "माझा भाव जिता होता, सर," तो म्हणाला. "तुमी मला धरून ठेवला. पुन्हा ह्या विहिरीवर पाय ठेवायचा नाय."

दहाव्याला सर गेले होते, त्यांना कोणी बसा म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत सर ते वाळवीनं खाल्लेलं पुस्तक घेऊन बसले होते. मला बघून म्हणाले, "इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो. त्यात दिवा विझत नाही. मी दरवर्षी शिकवतो, बाई. चार मार्कांना असतो." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "वर्गात शिकवला. विहिरीवर नाही सांगितला. तिथं मी मेफिटिक सांगत होतो. वाईट हवा, एकच, दिवा विझवणारी. विलायतेतल्या लोकांनी हा शब्द टाकला तो उगाच नाही. वाईट हवा एक नसतेच. सव्वादोनशे वर्षांपूर्वी त्यांना कळलं, आणि मी तो शब्द उकरून काढून मिरवत बसलो."

मला त्यांचा भयंकर राग आला. माझाही आला. दिव्याला देव करायची अक्कल माझी होती. हवा बघायचा दिवा असता तर इंजिनाच्या धुरानं हवा बदलली का, असं कोणी सरांना विचारलंही असतं, देवाची परवानगी कोण दोनदा मागतो? मला हे त्यांना सांगायचं होतं. मी डबा उघडला, बंद केला आणि तासाला निघून गेले. आजतागायत सांगितलेलं नाही.

त्यानंतर त्यांनी मला मेफिटिकबद्दल कधी विचारलं नाही. इतकी वर्षं डोकं उठवलं, आणि आता ते समोर गप्प बसून भाकरी चावायचे तेव्हा मला ते अधिक असह्य व्हायचं. एकदा मीच म्हटलं, "सर, गुदमरी कसं वाटतं? गुदमरी हवा?" त्यांनी मान हलवली. "नको, बाई. असू द्या."

पाड्यांवरचं फिरणं मात्र थांबलं नाही. आता आधी इंजिन. आत उतरवायचं असेल तर आत माणूस नको. पाणी उपसलं की इंजिन बंद करून बाहेर काढा, दुसऱ्या दिवसापर्यंत विहीर मोकळी ठेवा, मग दिवा, मग दोर बांधलेला माणूस. लोक वैतागायचे. भाडं दिवसाचं असतं, सर! त्यांना काही फरक पडत नसे. फक्त बारकूच्या विहिरीकडे ते जात नसत. तिथल्या गाळाच्या दिवशी लांब, रस्त्याकडेच्या करंजाच्या झाडाखाली, सायकल टेकवून, बसून राहायचे. काठावर पाय ठेवायचा नाही, असं सांगितलं होतं ना. करंजाखाली बसायचं नाही असं कोणी सांगितलं नव्हतं.

पुढे ते निवृत्त झाले आणि मुरबाडकडे गेले. पत्र नाही, फोन नाही. दोन हजारचं दशक सरत आलं होतं आणि मलाही निवृत्तीला वर्षभर उरलं होतं. वैशाखातच शाळेत निकालाच्या कामासाठी गेले होते. दुपारच्या एसटीसाठी निघाले तर करंजाखाली वेखंडे सर! केस पांढरे, गळ्याशी बटण लावलेलं, सायकल नाही.

"सर! इथं कसे?"

"आज गाळ आहे," ते म्हणाले, जणू मुरबाडहून दोन एसट्या बदलून, भर उन्हात, आपल्याशी शब्दही न बोलणाऱ्या माणसाच्या विहिरीचा गाळ बघायला येणं ही जगाची रीतच आहे.

"दर वर्षी येता?"

ते विहिरीकडे बघत होते.

विहिरीवर बारकू होता. तोही आता पिकला होता. इंजिन काठापासून वीसेक पावलं दूर, गोणपाटाखाली थंड पडलेलं. काठावर हिरवा खण आणि फुटलेला नारळ. दिवा खाली गेला, राहिला, जळता वर आला. बारकूनं कमरेला दोर बांधला, दोनदा ओढून पाहिला. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि थांबला. मग त्यानं मान वळवून सरळ करंजाकडे पाहिलं. हाक नाही, खूण नाही. नुसता बघत उभा राहिला.

सरांनी आधी इंजिनाकडे पाहिलं. दोर धरलेल्या गड्यांकडे पाहिलं. मग उजवा हात वर केला.

बारकू खाली उतरला.

घाटातून एसटीचा हॉर्न ऐकू आला. "सर, चला. ही गेली तर संध्याकाळपर्यंत काही नाही. तुम्हाला मुरबाड गाठायचंय."

"वर येऊ दे त्याला," सर म्हणाले.

"अहो, दोन तास लागतील!"

"लागू देत."

एसटी आमच्या समोरून धूळ उडवत गेली. या माणसानं मला जन्मभर नुसता ताप दिला. मी पर्स खाली ठेवली, कपाळावर हात मारला आणि त्यांच्या शेजारी करंजाखाली बसले.